आखूड बाजू, लांब बाजू : जन्मजात शिश्नवक्रतेच्या शस्त्रक्रियेचा इतिहास

मानवी शिश्नाची ताठरता तीन स्पंजी दंडांच्या रचनेवर अवलंबून असते. वरच्या बाजूला शेजारी शेजारी असलेले दोन दंड, ज्यांना वैद्यकात ‘कॉर्पोरा कॅव्हर्नोसा’ म्हणतात, रक्ताने भरले की अवयव ताठ होतो. खालच्या बाजूचा तिसरा, तुलनेने मऊ दंड मूत्रमार्गाला वेढून असतो. वरच्या दोन दंडांभोवती ‘ट्युनिका अल्ब्युजिनिया’ नावाचे पांढरट, चिवट, तंतुमय आवरण असते, आणि ते एका मर्यादेपलीकडे ताणले जात नाही म्हणूनच आत साठलेल्या रक्ताचा दाब वाढतो. हे आवरण, किंवा त्यावरची ऊती आणि कातडी, सर्व बाजूंनी सारख्या लांबीची नसेल, तर रक्त भरत जाताना आखूड बाजू मागे राहते आणि अवयव त्या बाजूकडे वाकतो. बहुतेक रुग्णांत हा बाक खाली असतो, काहींत बाजूला, तोही बहुधा डावीकडे, आणि क्वचितच वर असतो. शिथिल अवस्थेत त्याचा मागमूस लागत नाही, आणि ज्या अवस्थेत तो दिसतो ती अवस्था रुग्णालयात, दिवसाउजेडी, परक्या माणसासमोर येत नाही. या एका गोष्टीने या विकाराच्या उपचाराचा सगळा इतिहास घडवला आहे.

हा इतिहास सुरुवातीला स्वतंत्र नव्हताच. ज्या विकारात मूत्रमार्गाचे तोंड शिश्नाच्या टोकाला न उघडता खालच्या बाजूला कुठेतरी उघडते, त्या ‘हायपोस्पेडियास’च्या जोडीने बाक पुष्कळदा येतो, आणि जन्मतःच डोळ्यांना दिसणाऱ्या त्या दोषामुळे प्राचीन वैद्यांचे लक्ष प्रथम तिकडे गेले. दुसऱ्या शतकात रोममध्ये वैद्यकी करणाऱ्या गेलनने या विकाराला हे नाव दिले, असे मानले जाते. त्याचे निरीक्षण आजही दाद देण्यासारखे आहे. अशा पुरुषांना मूल होत नाही ते त्यांच्या वीर्यात दोष असल्याने नव्हे, तर अवयवाच्या बाकामुळे वीर्य पुढे पोचत नाही म्हणून, असे त्याने लिहिले, आणि शिश्नमुंडाच्या खालचा कातडीचा बंध कापला की अशा पुरुषांना अपत्य होऊ शकते, हा त्याने त्यासाठी दिलेला पुरावा होता. वंध्यत्वाचे कारण रचनेत शोधणारे हे विधान आहे; उपचार मात्र एका कापापुरता मर्यादित आहे, आणि तो काप वाकलेल्या बाजूवर, म्हणजे अंतर्वक्र बाजूवर, घ्यायचा आहे.

त्याच काळातील अँटिलस या शल्यविशारदाचे लेखन चौथ्या शतकातील ओरिबेसियसच्या संग्रहात शिल्लक राहिले आहे. त्याचा उपाय अधिक कठोर होता. मूत्रमार्गाचे तोंड टोकापासून फार मागे नसेल, तर त्या तोंडाच्या पुढचा शिश्नमुंडाचा भाग कापून टाकायचा आणि उरलेल्या भागाला मुंडासारखा आकार द्यायचा, म्हणजे छिद्र आपोआप टोकाला येते, असा त्यामागचा विचार होता. रक्तस्राव हा त्यातला मोठा धोका असे आणि तो थांबवण्यासाठी डागण्या द्याव्या लागत. सातव्या शतकात ईजिनाच्या पॉलने आणि पुढे दहाव्या-अकराव्या शतकांच्या संधिकाळात स्पेनमधील कोर्दोबाजवळच्या अल-झहरावीने हीच परंपरा पुढे चालवली. बाकाचा स्वतंत्र विचार या ग्रंथांत जवळजवळ नाही. छिद्र जागेवर आणणे हे उद्दिष्ट होते, आणि ते साधताना अवयव आखूड झाला तर त्याची फिकीर करण्याइतकी चैन भुलीपूर्वीच्या शल्यक्रियेला परवडणारी नव्हती.

सोळाव्या शतकातील फ्रेंच शल्यविशारद आंब्र्वाझ पारे याने बाकाची नोंद घेतली आणि अवयवाला खाली ओढून धरणारा बंध कापावा असा सल्ला दिला. याच शतकातील फ्रान्सचा राजा दुसरा हेन्री याला हायपोस्पेडियास आणि बाक असे दोन्ही दोष होते, आणि म्हणून कॅथरिन दे मेदिचीशी १५३३ मध्ये झालेल्या त्याच्या विवाहाला दशकभर फळ आले नाही, ही कथा मूत्ररोगशास्त्राच्या इतिहासात वारंवार सांगितली जाते; झां फर्नेल या वैद्याने दिलेल्या सल्ल्यामुळे ती अडचण दूर झाली, असाही तिचा पुढचा भाग आहे. पहिला मुलगा १५४४ मध्ये जन्मला आणि या दांपत्याला एकूण दहा अपत्ये झाली, एवढे निर्विवाद आहे. बाकीचे दरबारी कुजबुजीवर उभे आहे आणि त्याला वैद्यकीय इतिहासाचा दर्जा देणे जरा घाईचे ठरेल. मात्र अशी कुजबुज टिकून राहिली, यावरून हा दोष लोकांना अज्ञात नव्हता आणि त्याचा संबंध वंशवृद्धीशी लावला जात होता, हे दिसते.

अठराव्या शतकात बाकाविषयीची समजूत एका नव्या गोंधळात सापडली. पंधराव्या लुईचा शल्यविशारद फ्रांस्वा जिगो द ला पेरोनी याने १७४३ मध्ये प्रौढ पुरुषांच्या शिश्नात निर्माण होणाऱ्या कठीण गाठींचे आणि त्यामुळे येणाऱ्या बाकाचे वर्णन केले आणि उपाय म्हणून पिरेनीज पर्वतातील बारेज येथील गरम झऱ्यांचे पाणी सुचवले. त्याच्या नावाने ओळखला जाणारा हा विकार उत्तरवयात होतो आणि त्यात आवरणावर वण धरतो. जन्मजात बाकात वण नसतो, आवरण निरोगी असते, फक्त त्याची मापे जुळत नाहीत. दुसरीकडे, परम्याच्या दाहात ताठरतेच्या वेळी शिश्न खाली ओढले जाऊन असह्य वेदना होत, त्या लक्षणाची चर्चा लंडनच्या जॉन हंटरने १७८६ च्या गुप्तरोगांवरील ग्रंथात केली. परमा तेव्हा इतका सार्वत्रिक होता, की बाक म्हटले की वैद्याच्या डोळ्यांसमोर तोच येई. हंटरच्या काळातील वैद्य जन्मजात, प्रौढपणी जडलेला आणि दाहजन्य अशा तीन वेगळ्या बाकांना एकाच नजरेने पाहत होता, आणि तिन्हींत त्याला धनुष्याला लावलेल्या दोरीसारखे काहीतरी अवयवाच्या खालून ताणलेले दिसत होते. दोरी कापली की धनुष्य सरळ होईल, हा निष्कर्ष त्या चित्रातून आपोआप निघत होता; तो चुकीचा असू शकेल अशी शंका फारच थोड्यांना आली.

ज्यांना आली त्यांत पहिले नाव फिलाडेल्फियाच्या फिलिप सिंग फिजिक यांचे घ्यावे लागते. अमेरिकन शल्यशास्त्राचे जनक म्हणून गौरवले गेलेले फिजिक १८३७ मध्ये वारले, आणि त्यांनी स्वतः लिहिले फारच थोडे. बाकावरील त्यांच्या प्रयोगाची माहिती मिळते ती जोसेफ पॅनकोस्ट यांच्या १८४४ च्या शस्त्रक्रियाविषयक ग्रंथातून. खाली वाकलेल्या शिश्नाच्या वरच्या, म्हणजे बहिर्वक्र बाजूच्या दंडातून एक तुकडा काढून फिजिक यांनी ती बाजू आखूड केली. हा विचार खरोखर क्रांतिकारक होता. ज्या बाजूत दोष दिसतो तिला हात न लावता, जी बाजू निरोगी आणि पूर्ण वाढलेली आहे तिचीच लांबी कमी करून दोन्ही बाजूंचा हिशेब जुळवायचा, ही कल्पना अंतर्ज्ञानाच्या अगदी विरुद्ध जाते. ईथरची भूल १८४६ मध्ये आली आणि लिस्टरची जंतुनाशक पद्धती १८६७ मध्ये. रक्ताने भरणाऱ्या दंडात सुरी घालण्याचे धाडस त्याआधी सर्रास होणे शक्यच नव्हते, आणि फिजिक यांची कल्पना पॅनकोस्टच्या पानांत शंभरहून अधिक वर्षे पडून राहिली.

याच सुमारास व्हर्जिनियातील प्रिन्स एडवर्ड परगण्यात वैद्यकी करणारे जॉन पीटर मेटॉर यांनी १८४२ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. योनी आणि मूत्राशय यांच्यामधील भगेंद्र बुजवण्याच्या शस्त्रक्रियेमुळे ते आधीच नावारूपाला आले होते. बाकाचे मूळ नेहमी खोलवर नसते, काही वेळा कातडी आणि तिच्यालगतची ऊतीच आखूड असते, असे त्यांनी मांडले, आणि कातडीच्या आतून एकामागून एक काप घेत अवयव मोकळा होईपर्यंत थांबू नये असा मार्ग सुचवला. मेटॉर अंतर्वक्र बाजूवरच थांबले, हे खरे. पण दोष कोणत्या थरात आहे असा प्रश्न विचारणे ही त्यांची देणगी आहे, आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तोच प्रश्न पुन्हा केंद्रस्थानी आला.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या क्षेत्राचे नेतृत्व फ्रान्सकडे गेले. मोंपेलियेचे बुइसाँ यांनी बाक सर्वांत जास्त असेल तिथे आडवा छेद घेण्याची पद्धत १८६० च्या आसपास मांडली, आणि १८७४ मध्ये पॅरिसमध्ये तेओफिल आंजे व सिमों द्युप्ले यांनी मूत्रमार्ग नव्याने घडवण्याच्या शस्त्रक्रिया प्रसिद्ध केल्या. आधी अवयव सरळ करायचा आणि मग मूत्रमार्ग बांधायचा हा टप्प्याटप्प्याचा क्रम द्युप्ले यांच्यापासून रूढ झाला. आडवा छेद घेऊन जी जखम उघडी पडते ती झाकण्यासाठी कातडीचा पदर फिरवून आणावा लागे, आणि ती कला युरोपीय शल्यविशारदांना ज्या वाटेने मिळाली तिचा एक टप्पा पुणे आहे. टिपूच्या सैन्याने नाक कापलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाचे नाक कपाळाच्या कातडीपासून पुण्यात पुन्हा घडवले गेल्याची हकीकत १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये छापून आली, तिच्या आधारे जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ मध्ये लंडनमध्ये तशी शस्त्रक्रिया केली, आणि त्यानंतर जर्मनी-फ्रान्समध्ये कातडीच्या पदरांचे प्रयोग झपाट्याने वाढले. नाकाच्या शस्त्रक्रियेचा आणि या अवयवाचा थेट संबंध जोडणे अतिशयोक्तीचे होईल; पण आपल्या रक्तवाहिन्यांसकट फिरवलेली कातडी दुसऱ्या जागी जगते, हा विश्वास ज्या घटनांनी युरोपात रुजवला त्यांत पुण्याची ही घटना आहे.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात धनुष्य आणि दोरीच्या या चित्राने सर्वांत जास्त नुकसान केले. मूत्रमार्गाचे तोंड योग्य जागी असूनही ज्यांच्या शिश्नाला खाली बाक आहे अशा रुग्णांचा विचार आता स्वतंत्रपणे होऊ लागला होता. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील ह्यू हॅम्प्टन यंग हे त्या काळातील अमेरिकन मूत्ररोगशास्त्राचे सर्वांत वजनदार नाव. जननेंद्रियांच्या दोषांवरील १९३७ च्या आपल्या ग्रंथात त्यांनी या बाकाचे कारण जन्मतः आखूड असलेला मूत्रमार्ग हे असल्याचे प्रतिपादन केले. हे मान्य केले की उपचार ठरूनच जातो: आखूड मूत्रमार्ग मधोमध कापायचा, त्याची दोन टोके दूर सरकू द्यायची, अवयव सरळ झाला की मधल्या रिकाम्या भागात नवा मूत्रमार्ग बांधायचा. म्हणजे ज्या तरुणाची लघवीची वाट निर्दोष होती, त्याच्यात शस्त्रक्रियेने हायपोस्पेडियास निर्माण करायचा आणि मग तो दुरुस्त करण्यासाठी एक वा अधिक शस्त्रक्रिया करायच्या. नव्या मूत्रमार्गाला भगेंद्र पडणे, तो आक्रसणे, ही संकटे त्या शस्त्रक्रियांच्या पाठीशी कायमची असत. सिद्धान्त एकदा अधिकारी व्यक्तीच्या तोंडून आला की तो तपासण्याऐवजी राबवला जातो, आणि इथे तो निरोगी मूत्रमार्गांवर राबवला गेला.

ही कोंडी फोडली मिशिगन विद्यापीठाच्या रीड नेस्बिट यांनी. अॅन आर्बर येथे मूत्ररोग विभागाचे प्रमुखपद दीर्घकाळ सांभाळणारे नेस्बिट हे मूत्रमार्गातून उपकरण घालून प्रोस्टेट ग्रंथी खरवडण्याच्या शस्त्रक्रियेचे अध्वर्यू म्हणून ओळखले जात. बाक हा त्यांचा मुख्य विषय नव्हता. १९६५ मध्ये ‘जर्नल ऑफ यूरॉलॉजी’त त्यांचा जेमतेम तीन पानांचा लेख आला. त्यात तीन रुग्ण होते, आणि मूत्रमार्गाला हात न लावता बाक काढण्याची कृती होती. शिश्नमुंडाच्या मागे गोलाकार छेद घेऊन कातडी मुळापर्यंत मागे सरकवायची, बाकाच्या माथ्यासमोर, बहिर्वक्र बाजूला, ट्युनिकाच्या आवरणातून आडव्या लंबगोल आकाराचा एक किंवा अधिक तुकडे काढायचे आणि कडा एकमेकींना शिवून टाकायच्या. आवरण तेवढ्या जागी आखूड झाले की दोन्ही बाजू समान होतात. आजच्या प्रचलित वर्णनांत या तुकड्याची रुंदी साधारण ५ ते १० मिलिमीटर सांगितली जाते. तत्त्व फिजिक यांचेच होते. पण नेस्बिट यांच्या हाताशी भूल, प्रतिजैविके, रक्त आणि बारीक टाके होते, आणि रक्ताने भरणारा दंड न कापता केवळ त्याचे आवरण कापायचे एवढा नेमकेपणा होता. बाक कशामुळे येतो या वादात नेस्बिट शिरलेच नाहीत, आणि त्यांच्या लेखाचे खरे सामर्थ्य याच संयमात आहे. कारण काहीही असो, दोन बाजूंच्या लांबीतला फरक मिटवला की बाक मिटतो.

पण किती आवरण काढायचे, हे ठरवायचे कशाच्या आधाराने? भूल दिलेला रुग्ण शस्त्रक्रियेच्या टेबलावर शिथिल असतो; दोष ज्या अवस्थेत दिसतो ती अवस्था तिथे नाही. नेस्बिटपूर्व शल्यविशारदांपैकी बहुतेकांनी रुग्णाच्या वर्णनावर आणि स्वतःच्या अंदाजावर काम केले, आणि अवयव खरोखर सरळ झाला की नाही हे महिन्या-दोन महिन्यांनी रुग्णाकडूनच कळे. १९७४ मध्ये कॅलिफोर्नियाचे रूबेन गिट्स आणि मॅक्लॉक्लिन यांनी यावर सुचवलेला उपाय इतका साधा आहे, की तो आधी कसा सुचला नाही याचे नवल वाटते. शिश्नाच्या मुळाशी रबरी पट्टा आवळायचा, एका दंडात बारीक सुई घालून मिठाचे निर्जंतुक पाणी भरायचे. दोन्ही दंड आतून एकमेकांशी जोडलेले असल्याने ते दोन्ही भरतात आणि काही क्षणांत ताठरता येते. बाक किती, कुठे, कोणत्या दिशेला, हे शल्यविशारदाला प्रथमच स्वतःच्या डोळ्यांनी, सुरी हातात असताना दिसले. टाके घातल्यावर पुन्हा पाणी भरून निकाल तिथल्या तिथे तपासता आला. या शस्त्रक्रियेच्या इतिहासातील सर्वांत मोठी घटना कोणती, असे विचारले तर पुस्तके नेस्बिटचे नाव सांगतात. पण सुईतून भरलेल्या पाण्याने नेस्बिटच्या कृतीला अंदाजाच्या पातळीवरून मोजमापाच्या पातळीवर आणले, आणि त्याशिवाय ती जगभर पसरली असती असे वाटत नाही.

याच दशकात व्हर्जिनियातील नॉरफोक येथील चार्ल्स डिव्हाइन आणि चार्ल्स हॉर्टन या मूत्ररोगतज्ज्ञ व प्लास्टिक सर्जन यांच्या जोडीने यंग यांच्या सिद्धान्ताची मुळापासून फेरतपासणी केली. १९७३ मध्ये त्यांनी मूत्रछिद्र जागेवर असलेल्या बाकाचे तीन प्रकार सांगितले. पहिल्यात मूत्रमार्गाभोवतीच्या स्पंजी दंडासह सर्व थर अपुरे असतात आणि मूत्रमार्ग पातळ पडद्यासारखा थेट कातडीखाली येतो. दुसऱ्यात मूत्रमार्ग निरोगी असतो, पण त्याभोवतीची खोल पटले, ज्यांना न्यूयॉर्कचे शल्यविशारद गर्डन बक यांच्या नावाने ओळखले जाते ती, आणि वरची ‘डार्टॉस’ ऊती सदोष असते. तिसऱ्यात दोष केवळ डार्टॉसमध्ये म्हणजे कातडीलगतच्या थरात असतो. मेटॉर यांचा प्रश्न एकशे तीस वर्षांनी पुन्हा विचारला गेला तो असा. पुढे १९८२ मध्ये मेयो क्लिनिकच्या क्रेमर, आयदिन आणि केलालिस यांनी, थर सगळे निरोगी असूनही दोन्ही बाजूंच्या दंडांच्या लांबीतच विषमता आहे, अशा रुग्णांची भर घातली. खरोखर आखूड मूत्रमार्ग हे कारण विरळच असल्याचे यातून उलगडत गेले आणि निर्दोष मूत्रमार्ग कापण्याची प्रथा मागे पडली. १९७५ मध्ये कॅपलान आणि लॅम यांनी गर्भांच्या अभ्यासातून दाखवले, की खाली वाकलेले शिश्न ही गर्भावस्थेतील वाढीची एक नेहमीची पायरी आहे आणि पुढे वाढीबरोबर बाक जातो. जन्मजात बाक म्हणजे काही बांधले गेलेले बंधन नव्हे, तर मध्येच थांबलेली वाढ, अशी दृष्टी तयार झाली, आणि दोरीची कल्पना निदान सिद्धान्तात तरी निकामी ठरली.

१९८० च्या दशकात निदानाची अडचणही सुटू लागली. बर्लिनमधील आल्पाय केलामी यांनी १९८३ मध्ये रुग्णानेच घरी स्वतःची छायाचित्रे काढून आणावीत असा पायंडा पाडला. शब्दांत सांगणे जड जाते ते रुग्ण छायाचित्रातून दाखवू लागले. आदल्या वर्षी पॅरिसचे रोनाल्द विराग यांनी पापाव्हरिन हे औषध दंडात टोचले असता ताठरता येते असे दाखवले होते, आणि १९८३ मध्ये लास व्हेगासच्या परिषदेत इंग्लंडचे जाइल्स ब्रिंडली यांनी अशा औषधाचा परिणाम व्यासपीठावर स्वतःच्याच शरीरावर प्रत्यक्ष दाखवून श्रोत्यांना थक्क केले. तो प्रसंग आज विनोदाने सांगितला जातो, पण त्यामागचा शोध गंभीर होता. पुढे प्रोस्टाग्लँडिनसारखी औषधे आली आणि शस्त्रक्रियेपूर्वी दवाखान्यात बाकाचा कोन मोजणे नित्याचे झाले.

नेस्बिटच्या कृतीला दोन अडचणी होत्या. आवरण कापले की आतला दंड उघडा पडतो आणि रक्तस्राव होतो. आणि सर्वांत सामान्य, म्हणजे खाली वाकलेल्या बाकात बहिर्वक्र बाजू वरची असते, जिथून शिश्नाला संवेदना देणारे मज्जातंतू आणि रक्तवाहिन्या जातात. तो जुडगा आवरणापासून काळजीपूर्वक उचलून घ्यावा लागतो, आणि त्याला इजा झाली तर बधिरता येते. म्हणून आवरण न कापता त्याला फक्त टाक्यांनी चूण घालून आखूड करण्याची पद्धत पुढे आली. रॉटरडॅमचे एसेड आणि श्रोडर तसेच डेन्मार्कचे एब्बेहॉय आणि मेट्स यांनी १९८५ मध्ये ती स्वतंत्रपणे मांडली. १९९० मध्ये इस्राएलचे डॅनियल याचिया यांनी मधला मार्ग काढला: आवरणावर उभा छेद घ्यायचा आणि तो आडवा शिवायचा, म्हणजे तुकडा न काढताही तिथली लांबी कमी होते, जठराच्या शस्त्रक्रियेत हायनेके आणि मिकुलिच यांनी वापरलेले तत्त्व इथे उलट्या गरजेसाठी वापरले गेले. सान फ्रान्सिस्कोच्या टॉम लू आणि सहकाऱ्यांनी २००२ च्या सुमारास आवरणावर सोळा बिंदू आखून, त्यांतून न विरघळणाऱ्या धाग्याने समांतर टाके घालण्याची पद्धत प्रसिद्ध केली, आणि ती केवळ स्थानिक भुलीखालीही होऊ शकते.

चुणीच्या पद्धतीचे स्वतःचे दोष आहेत आणि ते झाकले जाऊ नयेत. आवरण दोन्ही बाजूंनी नीट न जुळता केवळ धाग्याने ओढून धरलेले असते. विरघळणारा धागा वापरला तर बाक परतू शकतो, न विरघळणारा वापरला तर त्याच्या गाठी कातडीखाली हाताला लागतात. मज्जातंतूंच्या प्रश्नावर मोठा प्रकाश टाकला तो सान फ्रान्सिस्कोच्याच लॉरेन्स बास्किन यांनी. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या गर्भांच्या सूक्ष्म शरीररचनेच्या अभ्यासात त्यांना आढळले, की हे मज्जातंतू केवळ वरच्या दोन बाजूंना जुडग्याने जात नाहीत, तर पंख्यासारखे पसरत थेट मूत्रमार्गाच्या स्पंजी दंडापर्यंत पोचतात. मात्र वरच्या बाजूच्या अगदी मध्यरेषेवर, शल्यविशारदांच्या भाषेत घड्याळाच्या बाराच्या आकड्यावर, ते नसतात. तिथे एकच टाका घातला तर मज्जातंतू उचलण्याचीही गरज उरत नाही. बालकांच्या शस्त्रक्रियेत या शोधाचा परिणाम तत्काळ झाला.

आखूड करण्याच्या सर्व पद्धतींची किंमत एकच: लांबी. बाक जितका मोठा, तितकी निरोगी बाजूची लांबी जास्त खर्ची पडते, आणि आधीच लहान अवयव असलेल्या रुग्णाला ती परवडत नाही. उलट बाजूने, आखूड बाजू कापून तिथे ठिगळ लावण्याचा मार्ग डिव्हाइन आणि हॉर्टन यांनी १९७० च्या दशकात रुग्णाच्याच कातडीच्या आतल्या थराने चाचपला होता, आणि पुढे वृषणाभोवतीचे पटलही त्यासाठी वापरले गेले. पण ठिगळ आक्रसण्याची आणि ताठरता मंदावण्याची भीती असल्याने जन्मजात बाकात, जिथे आवरण निरोगीच असते, तो मार्ग दुय्यम राहिला. तिसरी वाट स्टीफन कॉफ आणि ईकिन्स यांनी १९८४ मध्ये दाखवली: दोन्ही दंडांना टाक्यांनी आतल्या बाजूला फिरवायचे, म्हणजे दोन्ही बाक एकमेकांसमोर येऊन परस्परांना निष्प्रभ करतात आणि लांबी शिल्लक राहते. कैरोचे ओसामा शाएर यांनी ही कल्पना पुढे प्रौढांच्या मोठ्या बाकासाठी विकसित केली. भारतातून बिकानेरचे अमीलाल भट यांनी मूत्रमार्ग त्याच्या स्पंजी दंडासह मोकळा करून बाक आणि पीळ दोन्ही काढण्याच्या पद्धतीवर सातत्याने लिहिले. मेटॉर आणि बुइसाँ ज्या खालच्या बाजूकडे पाहत होते तिकडेच हे लेखन पुन्हा वळते. फरक इतकाच, की आता मूत्रमार्ग कापायचा नाही, जपून सोडवायचा आहे.

आज युरोपीय मूत्ररोग संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांत जन्मजात बाकावर औषध नाही, उपाय केवळ शस्त्रक्रियेचा आहे, असे स्पष्ट म्हटले आहे; साधारण ३० अंशांपेक्षा जास्त बाक दखल घेण्याजोगा आणि ६० अंशांपेक्षा जास्त बाक समागमाला अडथळा आणणारा मानला जातो. ३० अंशांखालचे बाक अनेक पुरुषांत असतात आणि त्यांना विकार म्हणणेही योग्य नाही. हायपोस्पेडियास असलेल्या बाळाची शस्त्रक्रिया साधारणतः सहा ते अठरा महिन्यांच्या वयात होते आणि बाकही त्याच वेळी काढला जातो. पण ज्याचे मूत्रछिद्र जागेवर आहे असा रुग्ण पौगंडावस्था संपल्यावर, बहुधा विशीत, आणि पुष्कळदा एकट्याने ती गोष्ट वर्षानुवर्षे बाळगल्यावर, डॉक्टरकडे पोचतो. या शस्त्रक्रियेच्या तंत्राला जवळजवळ दोन हजार वर्षे लागली याचे कारण सुरीचा अभाव हे नव्हते. आखूड बाजूलाच दोषी धरण्याची सवय आणि दोष पाहू न देणारा संकोच ही दोन कारणे होती, आणि पहिले कारण दूर झाले असले तरी दुसरे अजून तितकेच ठाम उभे आहे.